मेंढा निवडताना त्याची गव्हाणही तोला

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्याकडं वीस माडग्याळ मेंढ्या आहेत. पेंड आणि मका परवडेना झालीय. परदेशात मांसासाठीच्या गुरांत कमी खाऊन तेवढाच वाढणारा वळू निवडतात, असं मुलानं मोबाइलवर वाचलं. आमच्या मेंढरांत हे जमेल का?
– एक वाचक, ता. जत, जि. सांगली

उत्तर : जमेल, पण रोज तोलायचा कंटाळा करून चालणार नाही.

ऑस्ट्रेलियात ट्रँगी इथं अँगस या मांसाच्या जातीच्या गुरांवर १९९३ पासून हे काम झालं. एक किलो वजन वाढायला किती खाद्य लागलं, एवढंच त्यांनी पाहिलं नाही. कारण झपाट्यानं वाढणारं जनावर त्या हिशेबात चांगलंच दिसतं. पुढं त्याच्या लेकी थोराड निघतात आणि थोराड देह बारा महिने खातो, पोटात पिल्लू असो वा नसो. मे महिन्यात जतेत तो पोसायचा कुणी? म्हणून या वजनाच्या, या वेगानं वाढणाऱ्या जनावरानं किती खायला हवं होतं आणि खाल्लं किती, यातला फरक त्यांनी धरला. हा गुण बऱ्यापैकी पुढच्या पिढीत उतरतो.

तुम्ही एकाच महिन्यात जन्मलेली, दूध तुटलेली पाच-सहा नर कोकरं घ्या. जंताचं औषध, आंत्रविषाराची लस आधीच उरका. प्रत्येकाला वेगळा कप्पा. दोन आठवडे सवयीचे, मग ७० दिवस मोजणी. टाकलेलं तोला, सकाळी उरलेलंही तोला. वजन पंधरवड्यानं, चारापाण्याआधी. हिशेब सुक्याचा, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं त्याचा धरा. पाच किलो लसूणघासात सुकं जेमतेम एक किलो असतं.

समजा दोन कोकरं सरासरी २५ किलोची, दोन्ही १०.५ किलोनं वाढली. एकानं सुकं ८४ किलो खाल्लं, दुसऱ्यानं ७०. देह सारखा, वाढ सारखी, म्हणजे दुसरं ठेवायचं.

माझ्या परसात हा उद्योग केला तेव्हा तीन नंबरचं कोकरू भलतंच खादाड निघालं. महिन्यानं कळलं, त्याच्या गव्हाणीत शेजारच्या कोंबड्या जेवत होत्या! कप्प्याला जाळी लावा.

खरी अडचण वेगळीच आहे. बकरी ईद आली की कळपातला सगळ्यात उजवा नर व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढतो आणि ज्याला गिऱ्हाईक लागत नाही, तोच पैदाशीचा मेंढा म्हणून घरी राहतो. वर्षानुवर्षं आपण निवड करतोच आहोत, फक्त उलटी. तेव्हा मोजणीआधीच घरात ठरवा, निवडलेला नर कितीही भाव आला तरी द्यायचा नाही. बापलेकीचा संबंध होऊ नये म्हणून त्याच्या लेकी माजावर यायच्या आत मात्र त्याला लांबच्या पाहुण्यांच्या कळपात धाडा आणि त्यांचा आपल्याकडं आणा. पण त्यांनीही अशा मोजणीची वही ठेवलेली असली पाहिजे.