हिंदुकुशच्या भाषांची तुलना करायची आहे, पण तक्ता अडला

प्रश्न : मी नागपुरात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिंदुकुश-काराकोरम भागातल्या भाषांच्या व्याकरणाची तुलना करायची आहे. तीस भाषांचा तक्ता घेतला, पण 'हो/नाही' भरताना अडकायला होतं. यात करिअर होतं का? कोणता कोर्स करू?

उत्तर : तीस भाषा सोड, पाच घे. काश्मिरी, शीना, खोवार, पश्तो आणि बुरुशास्की. पहिल्या तिन्ही इंडो-आर्य, म्हणजे मराठीच्याच भाषाकुळातल्या, पश्तो इराणी, म्हणजे फारसीच्या गटातली, आणि बुरुशास्कीचं नातं कुठल्याच कुळाशी सिद्ध झालेलं नाही. ही निवड मुद्दाम आहे. एका कुळातल्या तीन भाषांत एकच वैशिष्ट्य दिसलं तर तो वारसा असू शकतो, त्याचे तीन वेगळे पुरावे धरायचे नाहीत. तेच बुरुशास्कीतही सापडलं, तर शेजाराचा परिणाम असल्याचा संशय घ्यायला जागा होते. विसाविसांनी मोजणं बुरुशास्कीत आहे आणि खोवारमध्येही, ते असंच तपासण्यासारखं.

तू अडतेस ते भाषांमुळे नाही, रकान्यामुळे. 'कर्मणी रचना (कर्त्याला प्रत्यय, क्रियापद कर्माप्रमाणे) आहे का?' हा रकाना आधी मराठीसाठीच भरून बघ. 'त्याने पोळी खाल्ली' : कर्त्याला 'ने', क्रियापद पोळीप्रमाणे. 'मी पोळी खाल्ली' : 'ने' गायब, क्रियापद मात्र पोळीप्रमाणेच. 'तू पोळी खाल्लीस' : शेवटचा 'स' चक्क कर्त्याचा! आता हो लिहिणार की नाही? म्हणून एकाचे चार रकाने कर. नामाला प्रत्यय लागतो का, 'मी-तू'ला लागतो का, क्रियापद कोणाशी जुळतं, आणि हे कोणत्या काळात. मग फरक उघडे पडतात. काश्मिरीत कर्त्याला लागणारा 'ने'सारखा प्रत्यय भूतकाळापुरता दिसतो. गिलगिटच्या शीनात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला तो सगळ्या काळांत लागतो, तरीही क्रियापद कर्त्याशीच जुळतं. खोवारमध्ये ही भानगडच नाही.

'नाही' आणि 'माहिती मिळाली नाही' यांना वेगवेगळ्या खुणा दे. रिकामा चौकोन पुढे हमखास 'नाही' म्हणून मोजला जातो. प्रत्येक नोंदीमागे एक उदाहरणवाक्य, त्याची शब्दशः उकल आणि पान क्रमांक हवाच.

शीना बोलणारे आपल्याकडे काश्मीरमधल्या गुरेझ आणि लडाखमधल्या द्रासमध्ये आहेत, पण बाकीचा बराच प्रदेश सीमेपलीकडे. तेव्हा तिकडचं काम छापील व्याकरणांवर. ऐकून टिपण्याचा सराव मेळघाटात कर. तिथली कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथालीच्या नात्यातली आहे. तिच्यात 'आम्ही दोघं' आलिञ, 'आपण दोघं' आलाङ, अनेकांसाठी 'आम्ही' आले आणि 'आपण' आबुङ. हिंदीतून 'हम' विचारलंस तर चारांपैकी कोणतंही येईल आणि वहीत एकच उतरेल. नुसता शब्द विचारू नकोस, प्रसंग सांग : 'तू आणि मी बाजाराला जाऊ', 'मी आणि माझा भाऊ जाऊ, तू घरी थांब'. हीच वाक्यं दुसऱ्या माणसालाही विचार. रेकॉर्डिंगआधी परवानगी घे. आवाज तपासायला प्राट आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला ईलॅन, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

कोर्स म्हणजे एम. ए. भाषाशास्त्र. नागपूर विद्यापीठात आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. जेएनयू, दिल्ली, हैदराबादही आहेतच. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा बघ. पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, त्यात भाषाशास्त्राचा विषय क्रमांक ३१.

नोकरीचं स्पष्ट सांगते. प्राध्यापकाच्या जागा थोड्या, आणि संशोधन प्रकल्पांतलं काम बहुधा कंत्राटी. भाषा-तंत्रज्ञानात, म्हणजे यंत्रासाठी मजकुराला व्याकरणाच्या खुणा लावणं, ते तपासणं, यात जास्त वाव आहे. पण तिथे नुसत्या भाषाशास्त्रावर भागत नाही, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यावी लागते. ती एम. ए.ची वाट न बघता आत्ताच सुरू कर. तक्ता वहीतून सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) उतरव आणि पाच भाषांत किती नोंदी जुळतात हे मोजणारा छोटा प्रोग्राम पहिला लिही.