‘कोग्नोमेन’ म्हणजे आडनाव नव्हे, आणि बेर्त्रादा ‘लाओनची’ही नव्हे

प्रश्न असा आला आहे : आठव्या शतकातला फ्रँकांचा राजा शार्लमेन, त्याच्या आईबद्दल, म्हणजे बेर्त्रादेबद्दल, एका लॅटिन इतिवृत्तात 749 सालाखाली ‘बेर्त्रादाम् कोग्नोमिने बेर्ताम्’ असे शब्द आहेत. कोग्नोमेन म्हणजे आडनाव ना? मग तिचं आडनाव ‘बेर्ता’ कसं? आणि ‘लाओनची बेर्त्रादा’ म्हणतात, तर लाओन तिचं माहेर समजायचं का?

आधी उच्चार. उत्तर फ्रान्समधल्या त्या गावाला फ्रेंच माणूस ‘लाँ’ म्हणतो. मधला ओ लिहायचा, बोलायचा नाही. मराठी लेखांत ‘लाओन’, ‘लेऑन’, एवढंच काय ‘लिऑन’सुद्धा वाचायला मिळतं. लिऑन हे वेगळंच शहर, तिथून कितीतरी दक्षिणेला.

आता कोग्नोमेन. रोमन वक्ता सिसेरोच्या काळात ते कुळाच्या शाखेचं नाव होतं, तिथे ‘आडनाव’ हा प्रतिशब्द चालून जातो. आठव्या-नवव्या शतकातल्या फ्रँकांना आडनावच नव्हतं. त्यांच्या लॅटिनमध्ये ‘कोग्नोमिने’ म्हणजे आपलं साधं ‘ऊर्फ’. बेर्त्रादा ऊर्फ बेर्ता, विषय संपला. त्याच नोंदीत ती ‘लाँच्या काउंट कारिबेर्टची मुलगी’ आहे. म्हणजे लाँ हा बापाच्या हुद्द्याचा भाग. त्यावरून ती ‘लाँकर’ ठरवणं म्हणजे बापाच्या बदलीच्या गावावरून मुलीचं मूळ गाव काढणं.

नावाचे तुकडे मात्र फार गोड आहेत. फ्रँकांची भाषा जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या घराण्यातली, आणि ते घराणं व संस्कृत एकाच मूळ भाषेतून निघालेले. बेर्त्रादा = ‘बेर्ह्त’ + ‘राद’. बेर्ह्त म्हणजे झळझळीत. इंग्रजी ‘ब्राइट’ तोच, आणि संस्कृतात ‘भ्राज्’, चमकणे. संस्कृत भ म्हणजे जर्मानिक ब, हा नियम. मूळचा ज-ग सारखा वर्ण त च्या आधी आला की जर्मानिकमध्ये ह होतो, म्हणून ‘बेर्ह्त’. ‘राद’ म्हणजे सल्ला, मसलत. जर्मनमध्ये आज ‘रात’, क्रियापद ‘रातेन’. इंग्रजी ‘रीड’ त्याच घरचं. आणि संस्कृतात? ‘राध्’! सिद्धीला नेणे, प्रसन्न करून घेणे. आराधना, अपराध, राधा सगळी याच धातूची. मूळ ध जर्मानिकमध्ये द झाला, हे नियमाला धरून. गंमत स्वराची आहे. मूळ स्वर दीर्घ ए होता. संस्कृतात त्याचा आ झाला, पश्चिम जर्मानिकमध्येही पुढे आ झाला, पण दोन्हीकडे स्वतंत्रपणे. म्हणून ‘राद’ आणि ‘राध्’ इतके जुळे दिसतात, तेवढं दिसणं योगायोग. धातू एकच असणं योगायोग नाही. यावरून कुणी लगेच ‘भारत-राधा’ करून पुढे पाठवू नये. धातू सामाईक म्हणजे नाव इथून तिथे गेलं असं होत नाही. ज्यांना अजून हवं त्यांनी तिच्या नातीचं, रोट्रूडचं, नाव घ्यावं. जुनं रूप ‘ख्रोद्रुद’, पहिला तुकडा ‘ह्रोद’ म्हणजे कीर्ती, आणि ‘कीर्ती’ त्याचीच चुलत बहीण. रॉबर्ट (‘ह्रोद’ + ‘बेर्ह्त’) आणि कीर्तन एका पंगतीत, हे ऐकून लोक हसतात; हसू देत.

या ‘ख’नेच वंशावळकारांना फसवलं आहे. मेरोव्हिंगियन (शार्लमेनच्या घराण्याआधीचं फ्रँक राजघराणं) काळचे कारकून जर्मानिक ह साठी ‘सीएच’ लिहीत, पुढचे लेखक नुसता ‘एच’ लिहीत किंवा गाळून टाकत. क्लोव्हिस आणि लुई हे एकच नाव, ते यामुळे. तसंच कारिबेर्ट आणि हेरिबेर्ट : ‘हरि’ म्हणजे सैन्य, अधिक तोच ‘बेर्ह्त’. (हा हरि आपला नव्हे.) बेर्त्रादेचा बाप 721 च्या प्र्यूम मठाच्या (आजच्या पश्चिम जर्मनीत) दानपत्रात आपल्या आईबरोबर येतो, तिचं नावही बेर्त्रादा, म्हणून तिला थोरली म्हणायचं. 762 मध्ये राजा पेपिन (शार्लमेनचा बाप) आणि धाकटी, म्हणजे आपली, बेर्त्रादा त्याच मठाला पुन्हा दान देतात, त्यात प्र्यूमजवळच्या रोमर्सहाइममधला तिचा वाटा ‘बाप हेरिबेर्ट याने ठेवलेला’ आहे. नावाचं स्पेलिंग बदललं, जमीन त्याच मुलखातली. हा खरा पुरावा.

थोरलीच्या वर मात्र कागद संपतो. काही जण म्हणतात, कारिबेर्ट हे मेरोव्हिंगियन राजांचं नाव, 721 च्या दानपत्रात ‘थेओदेरिक’ही सापडतो, तेव्हा थोरली ही राजा तिसऱ्या थेओदेरिकची मुलगी. मला हे बिलकूल पटत नाही. ‘सैन्य-झळाळी’ हे नाव कुठल्याही लढवय्या घरात ठेवलं जाईल. त्यावरून राजवंश काढायचा तर निम्मा ऑस्ट्रेशिया (फ्रँक राज्याचा पूर्व भाग) राजपुत्र निघेल. दुसरा पक्ष तिला ट्रीरच्या ओएरेन मठाची प्रमुख इर्मिना हिची मुलगी आणि प्लेक्ट्रूडची (शार्लमेनच्या पणजोबाची बायको) बहीण मानतो. हा पक्ष जमिनींवर उभा आहे, म्हणून वजनदार. इर्मिनाने धर्मप्रचारक विलिब्रॉर्डला दिलेलं एख्तरनाख (आजच्या लक्झेंबर्गमध्ये) प्र्यूमहून फार लांब नाही. तरी प्लेक्ट्रूड ही हुगोबेर्टची (हा इर्मिनाचा नवरा मानला जातो) मुलगी, हे 706 च्या दानपत्रात स्पष्ट लिहिलं आहे, तसं वाक्य थोरल्या बेर्त्रादेबद्दल कुठेही नाही. म्हणून वंशवृक्षात तिथे तुटक रेघच हवी. इर्मिना स्वतः दागोबेर्ट राजाची मुलगी, ही तर मठांनी नंतर रचलेली कथा. तिथे तुटक रेघसुद्धा नको.

धाकटीच्या आईच्या रकान्यात ‘गिसेला’ भरलेलं आढळलं तर खोडावं. त्या काळच्या एकाही कागदात तिचं नाव नाही. गिसेला ही बेर्त्रादेची मुलगी होती, तेवढी पक्की. पुस्तकाच्या सूचीत ‘बेर्त्रादा (धाकटी), मृत्यू 783’ असं लिहावं आणि ‘बेर्ता’खाली ‘बेर्त्रादा पाहा’.