‘स्पिरिटेड’ मुलगी म्हणजे उत्साही?

तुमचा प्रश्न असा की ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या इंग्रजी कादंबरीवर शाळेतल्या मुलांसाठी मराठीत लिहिताय, अ‍ॅन शर्लीला सगळीकडे ‘स्पिरिटेड गर्ल’ म्हणतात, डिक्शनरीत त्याला ‘उत्साही’ मिळालं पण मन मानत नाही. बरोबरच आहे, मानू पण नये. उत्साही म्हटलं की मला गणेशमंडळाचे कार्यकर्ते आठवतात, वर्गणीची पावती पुस्तकं घेऊन जिना चढणारे. अ‍ॅन त्यातली नाही.

आता ‘खोडकर’, ‘खट्याळ’ हे पहिल्यांदा सुचतात, पण ते इथे चुकतात असं माझं मत. खोडी ही मुद्दाम काढतात आणि खट्याळ मुलाला आपण काय करतोय ते पक्कं माहीत असतं. अ‍ॅनचं तसं कुठे आहे? मैत्रिणीला, डायनाला, ती रासबेरीचं सरबत समजून करंट नावाच्या फळांची वाइन पाजते आणि पोरगी झिंगून घरी जाते, केकमध्ये व्हॅनिला समजून अंगाला चोळायचं औषध घालते, दोन्ही वेळा हेतू अगदी पाहुणचाराचा. याला फार तर वेंधळेपणा म्हणा. ‘द्वाड’, ‘वांड’ हे तर आज्जीने लाडाने घालायचे शब्द, परिचयात नकोत. आणि ‘आगाऊ’ हा शेजारच्या रेचल लिंड बाईंच्या तोंडी शोभेल, तुमच्या नाही. (त्या बाई स्वतः मात्र ‘फटकळ’, म्हणजे मनात आलं की तोंडावर फेकलं, वर त्याचा अभिमान.)

मी दोन शब्द वापरीन, एक ‘अवखळ’ आणि दुसरा ‘मनस्वी’.

अवखळ का, तर हा शब्द आपण पोरांना लावतो तसाच झऱ्याला, वाऱ्याला पण लावतो, वाईट हेतू नाही पण जागेवर ठरणार नाही असा. आणि गंमत बघा, १९०८ सालच्या या कादंबरीची सुरुवातच ओढ्यापासून आहे, तो उगम पावतो कथबर्ट भावंडांच्या, म्हणजे मॅथ्यू आणि मरीलाच्या, रानात, तिथे उड्या मारत, वळणं घेत धावतो आणि लिंड बाईंच्या दारापाशी येईपर्यंत गपगुमान वाहायला लागतो कारण त्या खिडकीत बसून सगळं बघत असतात. पुढे त्याच कथबर्टांच्या घरात, मुलगा मागवलेला असताना चुकून ही अकरा वर्षांची लाल केसांची अनाथ मुलगी येते. लेखिकेने ते ठरवून केलं असेल किंवा नसेल पण मराठी शब्द आपोआप दोन्हीकडे बसतो, हे मला भारी आवडतं.

पण अवखळमध्ये राग नाही ना, आणि अ‍ॅनचा राग वगळला तर उरलं काय! वर्गातला गिल्बर्ट ‘गाजर’ म्हणून चिडवतो तेव्हा ती त्याच्या डोक्यात पाटी घालते, पाटी फुटते. मास्तर शिक्षा म्हणून तिला फळ्यासमोर उभी करतात आणि वर लिहितात की हिचा स्वभाव फार तापट आहे, तेही तिच्या इंग्रजी नावातला (Anne) शेवटचा ‘ई’ गाळून, जो तिला जिवापाड प्रिय. (आपल्या देवनागरीत तो ई दाखवायची सोयच नाही, त्यामुळे मराठीत तुम्हाला ही जागा समजावून सांगावी लागणार.) नुसतं ‘तापट’ लिहिलंत तर तुम्ही त्या मास्तरांच्याच बाजूला गेलात. इथे ‘मनस्वी’. या शब्दाचा मराठीत दुहेरी उपयोग आहे, ‘मनस्वी माणूस’ म्हणजे मनाच्या कौलाने चालणारा, आणि ‘मनस्वी चीड आली’, ‘मनस्वी आनंद झाला’ म्हणजे अतोनात. अ‍ॅनला दोन्ही लागू. लिंड बाईंनी रूपावरून बोलल्यावर ती पाय आपटून ओरडते, आणि नंतर माफी मागायला जाते तर गुडघे टेकून इतकी रंगून मागते की मरीलाच्या लक्षात येतं, बाई, ही तर मजा घेतेय! रागही मनस्वी आणि माफीही मनस्वी.

बडबडीबद्दल वेगळा शब्द शोधू नका, ‘तोंडाची टकळी’ आहेच. स्टेशनपासून घरापर्यंत आठ मैल ती चालू असते आणि बायकांना बिचकणारा मॅथ्यू आरामात ऐकत बसतो.

तर वाक्य असं करता येईल, ‘अ‍ॅन अवखळ आहे, मनस्वी आहे आणि तिच्या तोंडाची टकळी थांबत नाही.’ ‘तडफदार’ मात्र प्लीज घालू नका, तो इन्स्पेक्टरसाठी राहू दे.