थांब, मांजर कुठंय ते बघू दे

प्रश्न : ताई, मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, आम्ही नाशिकला असतो. वाढदिवसाला त्याला ऑनलाइन बारा इंग्लिश बोर्ड बुक्सचा सेट घेतला, फॅमिली, फार्म, स्कूल, हॉस्पिटल वगैरे. एकही धड ऐकत नाही. मी वाचायला लागले की पान उलटतो नाहीतर एकाच पानावर अडून बसतो. आणि मंडईचं एक साधं मराठी पुस्तक कुणीतरी दिलेलं, त्याच्या पिना सुटल्यात तरी रोज रात्री तेच. याचं लक्ष लागत नाही का? सेटचे पैसे वाया घालवले म्हणून घरात बोलणी खातेय ते वेगळंच.

उत्तर : अहो, जे पोर रोज रात्री तेच पुस्तक मागतं आणि पिना सुटेपर्यंत सोडत नाही त्याचं लक्ष लागत नाही कसं म्हणायचं? लागतंय, फक्त तुम्ही आणलेल्या सेटवर लागत नाहीये.

ते फार्मचं पान काढून बघा एकदा. लाल लाकडी कोठार असेल, पांढरं कुंपण, डुक्कर चिखलात. यातलं नाशिकच्या पोरानं काय पाहिलंय? तुम्ही सांगणार, त्यानं ऐकायचं, एवढंच काम उरतं त्याला. मंडईचं तसं नाही. तराजू त्याला माहितीय, गोणपाट माहितीय, कोथिंबिरीची जुडी झटकून पिशवीत टाकतात ते माहितीय, भाजीवाली मावशी वर दोन मिरच्या फुकट टाकते हेसुद्धा माहितीय, म्हणजे त्या पुस्तकात सांगायचं काम त्याचं आणि ऐकायचं तुमचं. आणि सांगायला मिळालं की कोणाला आवडत नाही.

मी काही वर्षं बालवाडीत शिकवलं. एकदा स्वयंपाकघराचं चित्र होतं, आई पोळ्या लाटतेय, बाजूला कुकर, मी आपली मजकूर वाचून पुढे निघाले तर एका मुलीनं पानावर हातच ठेवला. म्हणाली, बाई थांबा, शिट्टी नाही झाली अजून. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तीन शिट्ट्या केल्या, कोणीतरी गॅस बारीक केला, कोणीतरी ओट्याखालचं मांजर शोधून काढलं जे मला इतक्या वेळा वाचूनही दिसलं नव्हतं, आणि मग पान उलटायची परवानगी मिळाली. तेव्हापासून मजकूर संपला की पान उलटायचं ही सवय मी सोडली. मोठी माणसं अक्षरं बघतात हो, पोरं चित्र बघतात, आणि चित्राला वेळ लागतो.

आता एक चूक जी आपण सगळेच करतो. हे काय? कलर कुठला? किती केळी? ही तोंडी परीक्षा झाली, तो पान उलटून पळणारच. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली एक अभ्यास छापला होता, दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मोकळे प्रश्न विचारायला आणि मूल बोललं की त्याच्याच वाक्यात भर घालायला शिकवलं, आणि एका महिन्यात त्या मुलांचं बोलणं नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या दुसऱ्या गटाच्या पुढे गेलं. करायचं सोपं आहे. तो म्हणाला "काकू रागावली", तर तुम्ही म्हणा "हो ना, काकू रागावली, टोमॅटो सगळे खाली सांडले." मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, मलाही जातं.

पुढच्या वेळी पुस्तक घेताना दुकानात उभ्याउभ्याच बघा, त्यातलं घर कोणी राहत असल्यासारखं वाटतंय का. दारात चपला आहेत का, दोरीवर कपडे, भिंतीवर कॅलेंडर? की सगळं नुसतं गुळगुळीत आणि सगळ्यांचे डोळे बशीएवढे? आणि आई कायम ओट्याशी आणि बाबा कायम पेपर घेऊन खुर्चीत असं दिसलं तर मी तरी पुस्तक परत ठेवते. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' बघा, ज्योत्स्ना प्रकाशनाचं. लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाई एकच असल्यामुळे मजकुरात जे सांगितलेलं नाही ते चित्रात सापडतं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2014 साली त्यांना मिळाला. पैसे घालायचे नसतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, 2015 पासून चालू, मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून प्रिंटही काढता येते. फक्त प्रिंटच काढा, मोबाइलवर दाखवलंत तर दोन मिनिटांत तो दुसरंच काहीतरी लावून मागेल.

तो सेट टाकू नका. वर्षभर माळ्यावर ठेवा, मग काढा. घरात सांगा पैसे अडकलेत, बुडाले नाहीत.

प्रश्न : आम्ही डब्लिनला असतो. मुलगी चार वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. सांगलीची आजी पण ग्रँडमा आणि मुंबईची पण ग्रँडमा, आत्या-मावशी-काकू सगळ्या आंटी. द्विभाषिक पुस्तकं घ्यावीत का? की त्यानं अजून गोंधळ होईल?

उत्तर : गोंधळ होत नाही, घ्या. चेन्नईचं तूलिका प्रकाशन मराठी-इंग्रजी जोड पुस्तकं काढतं, एकाच पानावर दोन्ही. पण घरात तुम्ही मराठी ओळच वाचा, इंग्लिश ती शाळेत शिकणारच आहे.

नात्यांचं मात्र विकतच्या पुस्तकानं भागणार नाही. आंटी म्हटलं की काम झालं, पण आत्या म्हणायचं तर बाबांची बहीण हे माहीत पाहिजे, मावशी म्हणायचं तर आईची, म्हणजे शब्दाच्या आतच अख्खं घर बसलेलं असतं आणि ते घर तुमचंच लागतं. तेव्हा पुस्तक घरी करा. ए-फोरचे दोन कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर सुई-दोऱ्यानं तीन टाके घाला, आठ पानं झाली. (छापलेली पुस्तकंसुद्धा सोळा, चोवीस, बत्तीस पानांची असतात ती याचसाठी, मोठा कागद दुमडत गेलं की पानं आठच्या पटीत पडतात.) एका पानावर एकच माणूस. पासपोर्ट फोटो नको, माणूस काहीतरी करताना पाहिजे. सांगलीची आजी भाकरी थापताना, मुंबईची आजी लोकलच्या खिडकीत. खाली एकच ओळ, ती तिच्यासमोर लिहा. कव्हर तिला काढू दे, आईला चार पाय आले तरी चालतील. आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलला हे पुस्तक आजींनी तिच्याकडून वाचून घ्यावं, आजींना इंग्लिश येत नसेल तर फारच बरं, येत असेल तर पंधरा मिनिटं येत नाही असं करावं.

प्रश्न : नाव छापू नका. साताऱ्याजवळ राहते. घरी मी, माझी आई आणि अडीच वर्षांचा मुलगा, त्याचे बाबा आमच्यासोबत नाहीत. कुटुंबाचं कुठलंही पुस्तक उघडा, आई बाबा ताई दादा. बाबांचं पान आलं की मी दोन पानं एकदम उलटते. आता तो बोट घालून ते पान शोधतो.

उत्तर : शोधणारच हो, लपवलेलं पान सगळ्यात आधी सापडतं. उलटू नका. बाकीच्या पानांना जो आवाज लावता तोच लावून वाचा, "हे या मुलाचे बाबा." त्यानं विचारलं तर सांगा, आपल्या घरात तू, मी आणि आजी. विचारलं नाही तर नाही, पुढे चला. अडीच वर्षांच्या मुलाला एवढं उत्तर पुरतं, लांबलचक उत्तर आपल्याला द्यायचं असतं, त्याला नको असतं. घसा दाटला तर तेवढं पान आजीला वाचायला द्या.

आणि सध्या कुटुंबाच्या पुस्तकांपेक्षा ठिकाणांची आणा. एसटी स्टँड, पिठाची गिरणी, दवाखाना, आठवड्याचा बाजार. तिथे घरात किती माणसं हे कोणी विचारत नाही. आजीबरोबर गिरणीत जाणारा मुलगा दिसला तर त्याला वाटेल, अरे हे आपणच. माझ्याकडे अशी एक-दोन जुनी पुस्तकं आहेत, मासिकाच्या पत्त्यावर नुसतं गाव आणि पिनकोड कळवा, संपादकांकडून पाठवते.

प्रश्न : दीड वर्षाची नात आहे. पुस्तक हातात दिलं की फाडते. काय करू?

उत्तर : जाड पुठ्ठ्याची द्या आजोबा. फाटलेलं टाकू नका, तिच्यासमोर चिकटपट्टी लावा आणि पट्टी तिच्याच अंगठ्यानं दाबून घ्या. थोड्या दिवसांनी ती चिकटपट्टीच मागत येईल, तेव्हा दोन रिळं आणून ठेवा.