पाइपची तंबाखू नवख्याने स्वतः मिसळावी का?

तुम्ही विचारलंय की पाइप सुरू करून तीन महिने झाले, डब्यातल्या तयार मिश्रणांचा कंटाळा आला, तर दोन-तीन तंबाखू आणून स्वतःच मिसळाव्यात की आधी अनुभव हवा, आणि प्रमाण काय ठेवावं.

मिसळा. ‘आधी अनुभव हवा’ म्हणून अडवणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. मी त्यांची बोलणी ऐकून घेतलीत, आणि ती अजून सलतात.

मला पाइप भरायला शिकवला एका मित्राने. वयाने मोठा, पंधरा वर्षं पाइप ओढणारा. त्याचं म्हणणं ठाम होतं: मिश्रण हे जाणकारांचं काम, नवख्याने पाच वर्षं डब्यात येईल ते मुकाट्याने ओढावं. मी चौथ्याच महिन्यात चार पाकिटं आणली. व्हर्जिनिया, लॅटाकिया, पेरिक आणि व्हॅनिलाचा वास दिलेली ब्लॅक कॅव्हेंडिश. चारही सारख्या चिमटीने एका वाडग्यात घेतल्या, कालवल्या आणि लगेच माझ्या एकुलत्या एक ब्रायरमध्ये, म्हणजे ब्रायरच्या लाकडाच्या पाइपमध्ये, ठासल्या.

पहिल्या काडीला व्हॅनिला आली आणि दुसऱ्या मिनिटाला गेली. खालून ओल्या लाकडाचा धूर वर आला, मग नाकात मिरपूड गेल्यासारखं झालं. तंबाखू दमट होती, सारखी विझायची, म्हणून मी जोरजोरात ओढत होतो. पाइप हातात धरवेना. जिभेचं टोक सोललं. अर्ध्यावर उचक्या लागल्या, कपाळावर गार घाम आला, पोटात ढवळायला लागलं. चमचाभर साखर तोंडात टाकून अर्धा तास आडवा पडलो होतो. आणि त्या ब्रायरमध्ये लॅटाकियाचा वास असा मुरला की पुढे कितीतरी महिने त्यात काहीही भरलं तरी धुराचीच चव यायची.

मित्र म्हणाला, “सांगितलं होतं ना.” आमचा वाद तिथून सुरू झाला. माझी चूक नवखा असून मिसळण्याची नव्हतीच. त्या चारांपैकी एकही पान मी कधी एकटं ओढलं नव्हतं, चूक ती होती. आणि पाच वर्षं तयार डबे ओढले असते तरी ही चूक सुधारली नसती. डब्यात सगळं आधीच एकजीव झालेलं असतं. त्यातून डब्यांची नावं पाठ होतात, पान कळत नाही.

मग मी मक्याच्या कणसाचे दोन पाइप घेतले आणि दोन महिने एका वेळी एकच पान ओढलं. व्हर्जिनिया बंद कोठीत गरम हवेने सुकवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते. सावकाश ओढली तर सुक्या गवतासारखी गोड लागते, घाई केली तर जीभ भाजते. बर्ली हवेवर हळूहळू सुकते, साखर जवळपास संपते. चव कोरडी, सुक्यामेव्याच्या अंगाने जाणारी, आणि शेजारच्या पानाला सांभाळून घेणारी. ओरिएंटलची बारीक पानं उन्हात वाळतात, त्यांना किंचित आंबूस, धुपासारखा वास असतो. लॅटाकिया लाकडाच्या धुरावर धरतात, म्हणून ती काळी. पेरिक अमेरिकेतल्या लुइझियानातल्या सेंट जेम्स भागातली, पिंपात दाबाखाली स्वतःच्याच रसात महिनोन्‌महिने आंबवलेली. ती नुसती ओढली तेव्हा उचक्या कुठून आल्या होत्या ते लक्षात आलं. आणि कॅव्हेंडिश हे पान नव्हेच. वाफ आणि दाब देऊन तंबाखू मऊ करायची ती पद्धत. हे मला कुठल्याही डब्याने सांगितलं नव्हतं.

जाणकारांचं काम म्हणता? आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं, तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून द्यायचे आणि ते वहीत क्रमांक घालून नोंदवायचे. डनहिलच्या डब्यावरचं ‘माय मिक्श्चर ९६५’ हे नाव त्याच प्रथेतलं. ती गिऱ्हाइकं काही सगळी उस्ताद नव्हती. आपल्याला काय आवडतं एवढं त्यांना सांगता येत होतं.

आता प्रमाण. मुठीने मोजू नका, ग्रॅमचा काटा घ्या. माझं वीस ग्रॅमचं मिश्रण असं: व्हर्जिनिया बारा, बर्ली चार, ओरिएंटल तीन, पेरिक एक. बरणीत घट्ट बंद करून दोन आठवडे ठेवतो, कारण ताज्या मिश्रणात प्रत्येक पान वेगवेगळं बोलतं. ओढण्याआधी तंबाखू थोडी पसरून ठेवतो. चिमटीत दाबून सोडली की हळूहळू सुटली पाहिजे, गोळा होऊन राहिली तर अजून ओली आहे. पुढच्या बरणीत एकच गोष्ट बदलतो आणि ती वहीत लिहितो. तुम्हाला हेच प्रमाण आवडेल असं नाही.

पेरिक आधी दोन ग्रॅम होती. ती बरणी मी त्याच मित्रापुढे ठेवली. त्याने अर्धा पाइप ओढला, राख दाबली, पुन्हा काडी लावली आणि म्हणाला, “पेरिक निम्मी कर.” केली, आणि त्याचं बरोबर निघालं. त्याची जीभ माझ्यापेक्षा तयार आहे हे मी मान्य करतो. पाच वर्षांचं मान्य करत नाही. मी मिसळलंच नसतं तर त्याने निम्मं करायला सांगितलं असतं कशाला?

हे आधीच लिहायला हवं होतं: धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निर्धोक आहे असं समजू नका. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, सवय लागते, आणि तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. ज्यांनी सुरू केलं नाही त्यांनी माझं उत्तर वाचून करू नये. जिभेवर किंवा गालाच्या आत दोन आठवड्यांत न भरणारा चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा. उपाशीपोटी ओढू नका, पेरिक तर नकोच.

आणि लॅटाकिया आणलीत तर तिच्यासाठी वेगळा पाइप ठेवा.