बायपोलरच्या गोळ्या, वाढते वजन आणि रक्तातील साखर

उन्मादाच्या झटक्यानंतर आपल्या धाकट्या भावाला तीन महिन्यांपूर्वी ओलान्झापिन आणि व्हॅल्प्रोएट ही उन्माद आवरणारी औषधे सुरू झाली, त्याचे वजन ६८ वरून ७५ किलोवर गेले, उपाशीपोटी साखर ११२ आली आणि आता घरात गोळ्या बंद करण्याचे बोलणे चालू आहे, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. गेली चौदा वर्षे बायपोलरची, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात नेणाऱ्या आजाराची, औषधे घेणारा रुग्ण आहे. कळकळीने सांगतो, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. उन्मादातून नुकत्याच सावरलेल्या माणसाची औषधे एकाएकी थांबली की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि साखरेचा प्रश्न औषध न तोडताही हाताळता येतो.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते आणि १२६ किंवा त्याहून अधिक आकडा पुन्हा तपासूनही तसाच आला तर मधुमेहाचे निदान होते. म्हणजे भावाला आज मधुमेह झालेला नाही, मात्र इशारा मिळालेला आहे. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणीही करून घ्या, तिच्यात ५.७ ते ६.४ टक्के ही मधली पायरी असते आणि ६.५ पासून मधुमेह धरतात.

मला साखरेपेक्षा वजनाचा आकडा जास्त बोलका वाटतो. अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचार क्षेत्रांतील संघटनांनी २००४ मध्ये एकत्र येऊन ओलान्झापिनच्या गटातील औषधांबाबत देखरेखीचे वेळापत्रक ठरवले. औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबीची तपासणी करावी, वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा घ्यावे, बाराव्या आठवड्यात साखर आणि चरबी पुन्हा पाहावी, आणि मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की औषध बदलण्याचा विचार करावा, असे त्यात सांगितले आहे. भावाची वाढ १० टक्क्यांच्या वर गेली आहे. तेव्हा औषधाचा फेरविचार करा असे डॉक्टरांना सांगायला आपण मुळीच संकोचू नये.

‘जिभेवर ताबा नाही’ असे घरात कोणी म्हणत असेल तर ते कृपया थांबवा. ओलान्झापिन मेंदूतील हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे संदेश टिपणारे काही ग्राहक (रिसेप्टर) अडवते, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच बोथट होते. मी हे औषध घेत असताना रात्रीची गोळी घेतल्यावर तासाभरात स्वयंपाकघरात उभा असे. पूर्ण जेवण होऊन दोन तासही झालेले नसत, आणि तरीही दिवसभर उपाशी असल्यासारखे हात डबे उघडत. ती भूक इच्छाशक्तीने आवरण्याजोगी नव्हती. शिवाय या गटातील औषधे वजनाच्या वाटेने न जाताही शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावू शकतात. म्हणून सडपातळ रुग्णाचीही साखर तपासायची असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये या गटातील सर्वच औषधांवर रक्तशर्करेचा इशारा छापायला लावला.

सर्व औषधांचा धोका मात्र सारखा नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांचा सर्वाधिक, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन यांचा मधला, तर ॲरिपिप्राझोल, लुरासिडोन आणि झिप्रासिडोन यांचा बराच कमी आहे. व्हॅल्प्रोएटनेही वजन वाढते. आपल्या भावाच्या बाबतीत दोन्ही औषधे एकाच बाजूला ओढत आहेत. लॅमोट्रिजिन या बायपोलरच्या आणखी एका औषधाने सहसा वजन वाढत नाही, पण चालू उन्माद ते आटोक्यात आणत नाही, त्यामुळे ‘तेच द्या’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. औषध बदलणे शक्य नसेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जोडण्याविषयी विचारा. गोळ्यांमुळे वाढलेल्या वजनावर त्याचा माफक, पण खरा उपयोग होतो.

पुढे कधी लिथियम हे बायपोलरचे औषध सुरू झाले तर एक गोंधळ टाळा. लिथियमवर असताना मी उशाशी एक लिटरची बाटली ठेवत असे. ती पहाटेपर्यंत दोनदा रिकामी होई आणि लघवीसाठी चार वेळा उठावे लागे. मधुमेह झाला या भीतीने साखर तपासली, तर ती अगदी सामान्य निघाली. लिथियममुळे मूत्रपिंडांची पाणी रोखून धरण्याची क्षमता कमी होते, त्यातून ही तहान लागते. तिचा साखरेशी संबंध नसतो. अशा वेळी पाणी कमी पिणे धोक्याचे असते, कारण शरीर कोरडे पडले की रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. लिथियम घेणाऱ्याला पुढे मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे लागली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लिथियमची पातळी चढते, तर लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनी ती घसरू शकते.

भावाला भयंकर तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास किंवा गुंगी जाणवली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. क्वचित का होईना, या औषधांवर साखर अचानक भडकते, आणि कधी वजन फारसे वाढलेले नसतानाही.

वजनाची नोंद घरातल्या कोणीही ठेवू नये, ती त्याची त्याने ठेवावी. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर उभे राहून आकडा वहीत लिहावा आणि शेजारी त्या आठवड्यातील झोपेचे तास लिहावेत. माझ्या डॉक्टरांनी गोळी बदलण्याचा निर्णय अशीच दोन रकान्यांची वही समोर ठेवून घेतला. वजन चढत होते, पण झोप स्थिर होती. त्यामुळे नवे औषध वाढवत जुने हळूहळू उतरवायला त्यांना धीर आला.