आर्डुइनो की पीएलसी?

प्रश्न: सर, आमचं छोटं पॅकिंग युनिट आहे, कन्व्हेयरवर रिलेचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) जुनं पॅनल आहे. मुलगा म्हणतो आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) लावू, स्वस्तात होईल. पॅनलवाला पीएलसीच (कारखान्यातली यंत्रं चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर) घ्या म्हणतो. काय करू?

उत्तर: दादा, पीएलसीच घ्या. मुलाचं डोकं चांगलं चालतंय, पण आर्डुइनो उनोचे पिन ५ व्होल्टचे, आणि शेजारी मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) बंद झाला की जो नॉइज, म्हणजे विजेचा गोंधळ, येतो त्यात असा बोर्ड मधेच हँग होऊ शकतो. पीएलसीचे इनपुट साधारण २४ व्होल्टचे, बहुतेक ऑप्टोकपलरने (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा भाग) बाहेरच्या वायरिंगपासून वेगळे केलेले असतात, आणि तो सेन्सर वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट देतो, परत पहिल्यापासून, हे काही मिलिसेकंदांत सतत चालू, आणि अडकला तर वॉचडॉग (प्रोग्रामवर लक्ष ठेवणारा टायमर) त्याला थांबवतो. जनरल मोटर्सलाही मॉडेल बदललं की रिलेचं वायरिंग बदलत बसावं लागायचं, त्यातूनच १९६९ च्या सुमारास मोडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी आला.

तुमच्यासारख्या लाइनला छोटा मॉडेल पुरतो, मुलाला लॅडर (रिलेच्या आकृतीसारखी दिसणारी पीएलसीची प्रोग्रामिंग भाषा) शिकू द्या, पटकन जमेल.

एक मात्र नक्की करा, इमर्जन्सी स्टॉप फक्त प्रोग्रामवर सोडू नका, त्याने थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलची सप्लाय तुटली पाहिजे. पॅनलवाल्याकडून हे समोर चालवून बघा, मगच पैसे द्या.